न दिलेला हुकूम

आमच्या साहेबांनी नोकरीत एकच गोष्ट जीव ओतून केली. कोणी कोणाच्या हुकमाची वाट पाहू नये, असे हुकूम त्यांनी काढले. मी त्यांचा कारकून, त्यामुळे ते सगळे मीच टाइप केले. त्यातला एक मला अजून पाठ आहे. ‘प्रत्येक पाटकऱ्याने आपल्या दारावरचा निर्णय स्वतःच्या डोक्याने घ्यावा. काय निर्णय घेणार याची आगाऊ कल्पना या कार्यालयास तीन प्रतींत द्यावी.’ कागद मशिनमधून काढून मी त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, “साहेब, यात काही विचित्र वाटत नाही?” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “खरं आहे. चार प्रती करा.”

साहेब पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते. नगरपासून एस. टी.ने दोन तासांवर, कालव्याच्या काठाला आमचं बैठं ऑफिस होतं आणि मागे साहेबांचा बंगला. कालव्याचा जो तुकडा आमच्याकडे होता त्यावर सात दारं होती. प्रत्येक दारापाशी एक खोली, खोलीत एक पाटकरी आणि भिंतीवर एक काळा फोन. वरून पाणी यायचं, पाटकऱ्याने दार खाली-वर करून त्यातलं शेतांकडे जाणाऱ्या आपल्या चाऱ्यांना द्यायचं आणि उरलेलं पुढच्याकडे सोडायचं. सातव्याच्या पुढे कालव्याच्या शेपटाची गावं. दार किती बोटं उचलायचं ते ऑफिसातून फोनवर सांगायची पद्धत होती आणि ती मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून बिनतक्रार चालली होती. साहेब आले आणि पहिल्याच दिवशी ती त्यांच्या डोळ्यांत खुपली.

ते उंच, काटकुळे, खाकी अर्ध्या विजारीतले. सायकलच्या कॅरिअरला एक रंगवलेली मोजकाठी बांधलेली आणि तिच्याखाली एक जाड इंग्रजी मासिक. ते मासिक दोन-तीन महिन्यांनी टपालाने यायचं. त्यात अक्षरांपेक्षा चिन्हंच जास्त असायची. यात काय असतं, असं मी एकदा विचारून बसलो आणि दुपारचं जेवण गमावलं.

“जगात दोन जातींच्या वस्तू,” साहेब म्हणाले. “दुप्पट ढकलली की दुप्पट सरकते ती सरळ. दुप्पट ढकलल्यावर कधी चौपट सरकते, कधी जागची हलत नाही, कधी उलटून आपल्यालाच ढकलते ती वाकडी. आपला कालवा वाकडा आहे. दार एक बोट उचललं की एक बोट पाणी जातं. पाच बोटं उचललं की पुढारी येतो.”

“बरं.”

“आता अशा सात वाकड्या वस्तू एकमेकींना बांधल्या. एकीला धक्का लागला की सगळ्या हलणार, पण किती ते सांगता येत नाही. वरून पाणी किती येईल तेही नक्की नाही. मधे बसून एक शहाणा सगळ्यांना हुकूम देत राहिला, तर त्याचा हुकूम पोचेपर्यंत पाणी पुढे गेलेलं असतं. म्हणून प्रत्येकाने फक्त आपल्यापुढचं पाणी बघायचं. शेजारी काय करतोय ते विचारायचं नाही. आणि तरीही आपलं दार असं हलवायचं की सातही जण सावरले पाहिजेत. गणितात हे होतं.”

“आणि माणसांत?”

“माणसं गणितापेक्षा सोपी असतात,” साहेब म्हणाले. लग्नाआधी म्हणाले असते तर मी समजून घेतलं असतं.

घरातही त्यांनी हा प्रयोग करून पाहिला होता. स्वयंपाकघर पूर्णपणे वहिनींचं, त्यात कोणी बोलायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं. वहिनी स्वभावाने मोठ्या गोड. एकदा फाइल घेऊन बंगल्यावर गेलो तेव्हा मला म्हणाल्या, “भाऊ, मला सगळं स्वातंत्र्य आहे हो. फक्त ते मी नीट वापरते की नाही हे बघायला हे दारात उभे राहतात, आणि माझी पोळी करपते.” आतून साहेबांचा आवाज आला, “करपायची की नाही हे तुझं तू ठरव!”

ऑफिसातल्या शिपायाला, बाबूला, त्यांनी चहाच्या बाबतीत मुखत्यार केलं. चहा सांगायचा नाही, बाबूने चेहरे बघायचे आणि ठरवायचं. पहिल्या दिवशी बाबूने नऊ वेळा चहा केला. साहेबांनी त्याला बोलावून कारण विचारलं. बाबू बिचारा हात जोडून म्हणाला, “साहेब, तुमचं त्वांड बगावं तवा चहा न मिळाल्यावानीच दिसतंय. आमी काय करावं?” साहेबांना ते पटलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि तेव्हापासून बाबू समोर आला की ते हसरा चेहरा ठेवू लागले. तो चेहरा बघून बाबूला वाटायचं, साहेबांना आज बरं नाही.

पाटकऱ्यांची परीक्षा घ्यायची त्यांची खास रीत होती. सकाळीच मला म्हणायचे, “आज एक गडबड सोडून येतो.” मग सायकलवरून जाऊन कुठल्यातरी दारापाशी, पाटकऱ्याचा डोळा चुकवून, दोन बोटं पाणी जास्त सोडायचे आणि पुढच्या दाराजवळ बाभळीआड लपून बसायचे. हा गडी गडबड ओळखतो का, किती वेळात ओळखतो, ते घड्याळ लावून बघायचे. एकदा तिसऱ्या दारापाशी गावकऱ्यांनी बाभळीआड हा डोक्याला उपरणं गुंडाळलेला माणूस पाहिला आणि पाणीचोर समजून धरला. दंड धरून पाटकऱ्यासमोर उभा केला. पाटकऱ्याने नीट निरखून बघितलं आणि शांतपणे सांगितलं, “सोडा त्येंला. त्ये आमचं साहेब हायेत. त्येंचं ह्ये रोजचंच हाय.” साहेब एवढे खूष झाले की त्यांनी त्या पाटकऱ्याची शिफारस केली. कारण काय लिहू, असं मी विचारलं. “स्थानिक माहितीचा योग्य वापर,” ते म्हणाले.

खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यांची पद्धत सपशेल आपटली. प्रत्येक दारावरच्या पाणी मोजायच्या पट्टीवर त्यांनी एक लाल रेघ ओढून दिली होती. पाणी रेघेवर चढलं की दार उचलायचं, रेघेखाली गेलं की दाबायचं, दुसरं काही बघायचं नाही. पहिल्या दाराला पाणी जरा चढलं, गड्याने घाईने दार जास्तच उचललं. दुसऱ्याकडे लोंढा आला, त्याने त्याहून जास्त उचललं. असं करत करत शेपटाला सकाळी पूर आणि दुपारी धूळ. शेपटाच्या लोकांनी येऊन साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साहेबांनी दोन दिवस मासिकात डोकं घातलं आणि नेम बदलला. मन म्हणेल त्याच्या निम्मंच दार हलवायचं, आणि मग दोन विड्या ओढून होईपर्यंत दाराच्या चाकाला हात लावायचा नाही.

सातव्या दाराचा पाटकरी शांतवन होता. चाळिशीचा, बुटका, मिशन शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. दर रविवारी उपासनेला जाणारा आणि सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला. हा नवा नेम ऐकून त्याने हात वर केला. “साहेब, म्या विडी वढत न्हाई. म्या काय करू?” साहेब चक्रावले. हे गणितात नव्हतं. शेवटी ठरलं की त्याने दोन गीतं म्हणायची. तेव्हापासून सातव्या दारावरून चाललं की मोठ्या आवाजात भक्तिगीतं ऐकू यायची आणि समजायचं की पाण्यात काहीतरी फरक पडलाय. आश्चर्य म्हणजे कालवा सुधारला. पट्टीवरचं पाणी रेघेला चिकटून राहू लागलं. मी साहेबांना मनातून वेडा समजत होतो, ते थोडं कमी केलं.

मग ते दुष्काळाचं साल आलं. मी मूळचा जामखेडचा. आमच्याकडे आडात पोहरा टाकला की नुसता दगडावर वाजायचा, घरची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली, आणि मी इथे वाहत्या पाण्याच्या काठावर बसून बोटं मोजत होतो. मला त्याची लाज वाटायची. पाणी सोडायची एकच पाळी मिळणार होती, एकवीस दिवसांची, आणि तीही ज्वारीला थोडी आणि पिण्याला बाकीची. साहेबांनी ठरवलं की खरा प्रयोग याच पाळीत करायचा. मी म्हटलं, साहेब, लोकांचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही प्रयोग कसले करता? ते म्हणाले, “भरल्या पाण्यात काय, कोणीही सांभाळेल.”

नगरच्या मोठ्या साहेबांनी तोंडी परवानगी दिली. तोंडी म्हणजे, “करा, पण माझ्यापर्यंत काही येऊ देऊ नका.” त्यामुळे कागदावर सगळे फोन चालू होते. प्रत्यक्षात आमच्या साहेबांनी सातही खोल्यांतले फोन काढून आणले आणि ऑफिसच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केले. एकवीस दिवस ऑफिसातून एकही हुकूम जाणार नव्हता. तसं झालं तर या प्रयोगावरचा त्यांचा निबंध दिल्लीला इंजिनिअरांच्या परिषदेत वाचला जाणार होता. तिथून पत्र आलं होतं. ते पत्र साहेब शर्टाच्या खिशात घेऊन हिंडायचे. “एक हुकूम गेला तरी सगळं बाद,” ते मला बजावायचे. “एक म्हणजे एक.” हुकूमवहीत मी रोज लिहायचो, ‘विशेष नाही,’ आणि ते त्याखाली झोकदार सही ठोकायचे.

एका गोष्टीत मात्र त्यांनी पाटकऱ्यांना मोकळीक दिली नव्हती. सातव्या दाराशेजारी कालव्याचं जादा पाणी नाल्यात सोडायचं एक दार होतं, त्याला सगळे एस्केप म्हणत. दुष्काळात नाल्याला पाणी सोडणं म्हणजे पापच. त्याला कुलूप होतं आणि किल्ली साहेबांच्या जानव्याला.

अठराव्या दिवशी दुपारी वीज गेली. एकदम सगळ्या भागातली. चौथ्या दारापासून पुढे कालव्याच्या काठाला शंभरएक मोटारी पाणी उपसत होत्या, परवान्याच्या आणि बिनपरवान्याच्या, त्या एका क्षणात थांबल्या. जे पाणी त्या ओढून घेत होत्या ते कालव्यातच राहिलं आणि चढू लागलं. वरच्या गड्यांनी नेम अगदी काटेकोर पाळला. रेघेवर पाणी चढलं, दार उचललं, पाणी पुढे सोडलं. प्रत्येकाने आपापलं सांभाळलं, म्हणून सगळ्यांचं मिळून शेवटच्याच्या उरावर आलं.

मला हे सगळं कळलं ते संध्याकाळी, आणि कळलं ते असं: शांतवनने दगडाने एस्केपचं कुलूप फोडलं आणि चार तास पाणी नाल्याला सोडलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार तासांचं पाणी! माझ्या गावाला ते आठ दिवस पुरलं असतं. आणि वर त्या नाल्याच्या काठाला शांतवनच्या सासऱ्याची विहीर. सासरे निवृत्त प्राथमिक शिक्षक, दोन एकराचे मालक. विहीर कोरडी ठणठणीत होती, ती दुसऱ्या दिवशी अर्धी भरली. शेपटाकडच्या एका पुढाऱ्याने नगरला तक्रार धाडली की रोजंदारीवरच्या पाटकऱ्याने सरकारी कुलूप फोडून सासरवाडीला पाणी पाजलं. शांतवन बारा वर्षं रोजंदारीवर होता. त्याचा कायम होण्याचा कागद नगरला फक्त सहीसाठी थांबला होता. घरी तीन मुलं. आता कायम होणं राहिलं बाजूला, पोलीस येतात की काय, अशी वेळ आली.

त्याच दिवशी साहेब आणि मी सातव्या दारावर गेलो. शांतवन खोलीबाहेर उभा होता. साहेबांनी विचारायच्या आधीच बोलू लागला.

“पट्टी बुडाली, साहेब. शेपटाला मावंल तेवडं सोडलं म्या. मंग भरावातून पानी पाझराया लागलं. खाली वस्तीवर नुसत्या बाया-पोरं हुती, पुरुष मानसं समदी खडीवर गेल्ती. म्या दोन गीतं बी म्हनलो. मंग दगुड घेतला.”

अर्धी विजार आणखी वर ओढून साहेब कालव्याच्या आतल्या उतारावर उतरले. मातीवर पाणी कुठवर चढलं होतं त्याची ओली खूण अजून दिसत होती. काठीने त्यांनी ती पाच ठिकाणी मोजली. भरावाच्या माथ्याला चार बोटं उरली होती. बाहेरच्या बाजूने मातीत एक भेग पडून तिच्यातून गाळ वाहिलेला होता, आणि त्याच्या बरोबर खाली वस्तीवरची एक बाई चुलीपुढे भाकरी थापत होती. साहेब तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मलाही माझ्या रागाचं काय करावं ते समजेना.

परत येताना सायकल हातात धरून ते चालत आले. म्हणाले, “सगळीकडची वीज एकदम जाईल हे मी धरलंच नव्हतं. आणि मी त्यांना सगळं दिलं असं मला वाटत होतं. एक किल्ली तेवढी दिली नाही. जिथे गरज होती तीच नेमकी.”

“पण मग हे असंच लिहू या की,” मी म्हणालो. “भराव फुटत होता, त्याने वाचवला.”

“कोणत्या नियमाने? अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय एस्केप उघडायचं नाही, हा खात्याचा नियम आहे. माझे नियम कागदावर आहेतच कुठे? विहीर मात्र सगळ्यांना दिसतेय.”

ऑफिसात येऊन त्यांनी हुकूमवही मागवली. अठराव्या दिवशी मी सवयीने ‘विशेष नाही’ लिहून ठेवलं होतं. ते त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं आणि लिहिलं: ‘दुपारी भराव धोक्यात. सातव्या दारास मी फोनवरून एस्केप उघडण्याचा हुकूम दिला. कुलूप फोडण्याचा हुकूमही माझाच.’ खाली सही केली. ती रोजच्यासारखी झोकदार नव्हती.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. पाणी अर्धं बोट जास्त लिहिलं म्हणून माझ्यावर आठवडाभर रुसलेला हा माणूस. “साहेब, दिल्लीचं काय?” मी विचारलं.

“एक म्हणजे एक,” ते म्हणाले.

दोन दिवसांनी मोठे साहेब चौकशीला येणार होते. मी म्हटलं, शांतवनला आधी गाठून सांगून ठेवतो, फोन आला होता असं म्हण. साहेब भडकले. “खबरदार! मी खोटं बोलतोय तेवढं पुरे आहे. त्याला खोटं बोलायला लावायचा मला काय अधिकार?” मी म्हटलं, तो नाही म्हणाला तर दोघंही बुडाल. “तर तो खरं बोलला असं होईल,” साहेब म्हणाले आणि विषय संपला.

चौकशी आमच्याच ऑफिसात झाली. जबाब लिहून घ्यायला मीच होतो. आधी आमच्या साहेबांना बोलावलं.

“कुलूप फोडायला कोणी सांगितलं?”

“मी.”

“किल्ली तुमच्याकडे होती ना?”

“किल्ली पोचायला दीड तास लागला असता. म्हणून फोनवर सांगितलं, फोड.”

मोठ्या साहेबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. फोन कुठे होते ते त्यांनाही ठाऊक होतं. पण ते म्हणायचं तर आपली तोंडी परवानगीही बाहेर काढावी लागली असती. त्यांनी घसा साफ केला आणि साहेबांना मागच्या दाराने बाहेर पाठवलं. पुढच्या दाराने शांतवन आत आला. दोघांची गाठ पडली नव्हती, परवापासून एक शब्दही झाला नव्हता. शांतवन टोपी हातात घेऊन उभा राहिला. मी टाक दौतीत बुडवला.

“काय रे, एस्केप उघडायच्या आधी तुला फोन आला होता?”

शांतवनने खाली पाहिलं. मग भिंतीकडे.

“व्हय,” तो म्हणाला. “आला हुता.”

“कोणाचा?”

“आमच्या साहेबांचा.”

“काय म्हणाले?”

“कुलूप फोड म्हनले.”

मी लिहून घेतलं. मोठे साहेब जीपमध्ये बसून गेल्यावर मी शांतवनला पुलाजवळ गाठलं. तुला हे कोणी सांगितलं, असं मी त्याला जवळजवळ दरडावूनच विचारलं.

“कुनी न्हाई. फोन तर समदे कपाटात. मोठ्या साहेबांनी फोनचं इचारलं, तवाच म्या म्हनलं, ह्ये आपल्या साहेबांनीच सांगितलं असनार, दुसरं कोन सांगंल? त्येंनी माज्यापायी खोटं घेतलं अंगावर. मंग म्या खरं बोलून त्येंना तोंडघशी पाडू व्हय?” आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी धावत बंगल्यावर गेलो आणि साहेबांना सगळं सांगितलं. ते ताडकन उठले. “त्याला काहीच माहीत नव्हतं? मी काय बोललो तेही नाही? फक्त समोर आलेल्या प्रश्नावरून?” त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आता हे स्वतःच बाबूला चहा सांगतात. टेबलावरची वही ओढून त्यांनी पेन्सिल टेकवली. मग त्यांच्या लक्षात आलं की हे कुठेच लिहिता येणार नाही. पेन्सिल तशीच खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मी दिल्लीला पत्र टाइप केलं: प्रयोगाच्या अठराव्या दिवशी फोनवर हुकूम द्यावा लागल्यामुळे निबंध मागे घेत आहे.

त्यांची वेतनवाढ अडली आणि बदली झाली, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सिमेंटच्या गोदामावर. पुढे मी पुष्कळ साहेब पाहिले. दिलेला हुकूम मी दिलाच नव्हता, असं म्हणणारे त्यांत डझनांनी होते. न दिलेला हुकूम माझाच, असं म्हणणारा एवढा एकच भेटला. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी फोन पुन्हा भिंतीवर लावले. शांतवन कायम झाला.

चारेक महिन्यांनी साहेबांचं पत्र आलं. पाण्याच्या पट्ट्या कशा आहेत ते विचारलं होतं आणि शेवटी, शांतवन कसा आहे. मी खरं ते लिहिलं. कायम झाला, पण त्याची बायको सांगते की तो देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, प्रभूच्या नावाने वाटतात ती प्रभुभोजनाची भाकरी घेत नाही. रविवारी शेवटच्या बाकावर बसतो, आणि भाकरीचं ताट जवळ आलं की स्वतः न घेता पुढच्याला देतो. मी अधिकाऱ्यापुढे खोटं बोललो, आता कोणत्या तोंडाने घेऊ, म्हणतो.

पुढच्या रविवारी साहेब एस. टी.तून उतरले. कुठे जायचं ते मला सांगितलं नाही, सरळ देवळाकडे चालू लागले. उपासना संपून लोक बाहेर पडत होते. तिथले धर्मगुरू, पाळकसाहेब, दारात उभे होते, सत्तरीचे, बारीक आवाजाचे. साहेबांनी नमस्कार केला आणि आडवळण न घेता म्हणाले, “शांतवन चौकशीत खोटं बोलला, त्यात त्याचा दोष नाही. तसं बोलण्याचा हुकूम माझा होता.”

“कधी दिलात?”

“फोनवर.”

पाळकसाहेब हसले. “फोन कपाटात होते, साहेब. त्याने मला सगळं सांगितलंय. आणि तुम्ही खरंच हुकूम दिला असता, तरी इथे तो चालत नाही. मी त्याला घे म्हटलं नाही, घेऊ नको म्हटलं नाही. ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं.”

जन्मभर जगाला सांगत आले तेच साहेबांना कोणीतरी ऐकवत होतं, आणि त्यांना ते सहन होईना. “अहो, पण किती दिवस त्याने असं बसायचं?” त्यांचा आवाज फाटला. “तुम्ही सांगा ना त्याला. तुम्ही नुसतं म्हणालात तर ऐकेल तो.” साहेबांना कोणाकडे हुकूम मागताना मी पहिल्यांदा पाहिलं. पाळकसाहेबांनी हळूच मान हलवली, नाही.

शांतवन पायरीखाली उभा होता. त्याने सगळं ऐकलं असावं. “साहेब, लांबून आलायसा,” तो म्हणाला. “घरी जेवून चला.”

साहेब त्याच्यामागे गेले. मीही गेलो. त्याच्या बायकोने पिठलं-भाकरी केली होती. ती आम्हा दोघांना वाढत होती आणि शांतवन पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीशी उभा होता. साहेबांनी भाकरी मोडली आणि हात थांबवला. “ताट घे आणि बस,” ते म्हणाले. “तू बसल्याशिवाय मी जेवणार नाही.” शांतवन माझ्याकडे बघू लागला. “त्याच्याकडे काय बघतोस?” साहेब ओरडले. “मी सांगतोय. हुकूम आहे माझा.”

आणि हा त्यांनी खरोखरच दिला होता. शांतवन बसला.